पुढची खोली

मेन्ना रात्रपाळी संपवून घरी आली तेव्हा पुढच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. ते बघून ती उंबऱ्यातच थांबली.

प्रिचर्डांच्या घरात पुढची खोली उघडायची ती तीनच कारणांसाठी. चॅपलचे पाद्री चहाला आले तर, डॉक्टर आले तर, नाहीतर घरातून कुणाला शेवटचं बाहेर काढायचं असलं तर. एरवी बंद. कोळशाच्या खाणी चालू होत्या आणि या घरात सात माणसं दाटीवाटीने राहत होती तेव्हाही बंद. आता मेन्नाच्या लेकाचा, ओसियनचा पलंग, त्याची चाकाची खुर्ची, त्याला उचलायचं यंत्र आणि औषधांचं कपाट मागच्या एका खोलीत कोंबलेलं होतं, तरी पुढची बंदच. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण त्या खोलीत बसून मेन्नाने चहा घेतला असेल तो बोटांवर मोजण्याइतक्या वेळा.

आज सकाळी साडेआठला तिथे तिच्या सासूबाई एल्युनेद, म्हणजे घरादाराच्या मॅमगी, आजी, गुडघे टेकून शेकोटीची पितळी जाळी घासत होत्या. वय त्र्याहत्तर, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. टेबलावर भरतकामाचा रुमाल, त्यावर गुलाबी किनारीचे कप. तव्यावर भाजलेल्या बेदाण्यांच्या केकचा वास घरभर सुटला होता.

"मॅमगी, काल आपलं काय ठरलं होतं?"

"तुमचं ठरलं होतं. मी हो म्हटल्याचं मला आठवत नाही."

"आज घर आवरायचं नाही. जसं आहे तसं दाखवायचं. तुमच्या लेकासमोर, गेथिनसमोर ठरलं आपलं."

"बाहेरची बाई येणार आणि मी तिला धूळ दाखवू? गल्ली म्हणेल, एल्युनेद प्रिचर्डने लाज सोडली."

"गल्ली येत नाहीये. जिल्हा कचेरीतली एक बाई येतेय, अडीच वाजता. आणि ती धूळ बघायला येत नाही, आपले हाल बघायला येतेय."

"हाल!" मॅमगींनी फडकं असं पिळलं की जणू त्यात कुणाची मान होती. "हाल माझ्या आईचे झाले. आपण सांभाळतो."

या 'सांभाळतो'ने मेन्नाचा फेब्रुवारीत घात केला होता. तेव्हा कचेरीतून पहिली बाई आली ती याच खोलीत बसली. मेन्नाला कामावर थांबवून घेतलं होतं. वृद्धांच्या निवासात ती रात्री दुसऱ्यांच्या आईवडिलांना कुशीवर वळवते, आणि त्या दिवशी बदलीची बाई वेळेवर उगवली नव्हती. तोवर इकडे मॅमगींनी ओसियनला आंघोळ घालून, भांग पाडून, नवा स्वेटर चढवून ठेवला होता. रात्रभर फिट येऊन दमलेलं पोर गाढ झोपलेलं. बाईने चार केक खाल्ले, मागच्या खोलीत दारातूनच डोकावलं, "किती गोड!" म्हणाली आणि गेली. मेन्ना धापा टाकत कोपऱ्यावर पोचली तेव्हा तिची गाडी वळत होती. तीन आठवड्यांनी पत्र आलं. कचेरीच्या पत्रांना एक सवय असते, नाही म्हणण्याआधी ती पाठ थोपटतात. 'कुटुंबाचा आधार अत्यंत भक्कम असून आजी समर्थपणे सांभाळत आहेत. तूर्तास विसाव्याची गरज दिसत नाही.'

मागितलं होतं तरी काय? महिन्यातून दोन रात्री. समुद्राकाठी अशा मुलांसाठी एक घर आहे, टी ग्वेनोल. म्हणजे पाकोळीचं घर. तिथे नर्स असते, रात्रभर जागं माणूस असतं. ओसियनने दोन रात्री तिकडे राहायचं आणि घरच्यांनी इकडे झोपायचं. बस्स एवढंच. 'पाकोळीचं नाव ठेवलंय, परत येणाऱ्या पाखराचं,' मॅमगी तेव्हा म्हणाल्या होत्या. 'नाव काय, कुणीही काहीही ठेवतं.'

मेन्ना मागच्या खोलीत गेली. शाळेचा गणवेश घातलेली टेगन भावाच्या पोटातल्या नळीला खाण्याची पिशवी जोडत होती. तेरा वर्षांची पोर, पण हात कसे, वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सचे. ओसियन नऊ वर्षांचा. बोलत नाही, चालत नाही, पण बहिणीचा आवाज आला की डोळे त्या बाजूला वळतात.

"रात्री किती?"

"तीन. एक मोठी, चार मिनिटांची. गालात औषध सोडावं लागलं."

"वहीत लिहिलंस?"

टेगनने पिशवीची गाठ उगाच दोनदा तपासली. "वही सापडत नाहीये."

 पाच आठवड्यांची वही होती ती, निळ्या पुठ्ठ्याची. कुठल्या रात्री किती फिट, किती वेळ, कोण उठलं, परत कधी झोपलं, सगळं टेगनच्या अक्षरात. गेथिन पहाटे तीनला दुधाचा टँकर घेऊन डोंगरातल्या गोठ्यांवर जातो, मेन्ना आठवड्यातून चार रात्री कामावर, मॅमगींना गुडघ्यांमुळे पटकन उठवत नाही आणि रात्री ऐकू येत नाही. मग उरतं कोण? ते सगळं त्या वहीत होतं. ती नसली तर कचेरीच्या पत्रापुढे मेन्नाचा नुसता शब्द.

"काल कुठे ठेवली होतीस?"

"उशीखाली. रोज तिथेच असते." टेगनने बाही खाली ओढली. पण मेन्नाला दिसायचं ते दिसलं होतं. मनगटाभोवती लालसर वण.

मार्चमध्ये एका रात्री टेगनचा डोळा लागला आणि ओसियनची फिट तिला कळली नाही. जाग आली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. रुग्णवाहिका आली, पोर वाचलं, पण तेव्हापासून टेगन त्याच्याशेजारी लोकरीचा धागा घेऊन झोपते. एक टोक त्याच्या पायाला, दुसरं आपल्या मनगटाला. तो झटकला की ही उठणार. मेन्नाने तीनदा तो धागा कापून टाकला आणि तीनदा नवा आला.

"दोन वाजता शाळेतून नीघ. मी चिठ्ठी दिलीय. त्या बाईंना तुझ्याशी बोलायचंय."

"मी काय सांगू?"

"जे आहे ते."

टेगनने दप्तर उचललं, भावाच्या कपाळाची पापी घेतली आणि गेली. एरवी जाताना ती दारातून ओरडते, 'ओसियन बाख, सोन्या, टीव्हीवर मेंढ्या लागल्या तर मला सांग हं!' आज ओरडली नाही.

अकरापर्यंत मेन्नाने घर उलथंपालथं केलं. गाद्या, औषधांचं कपाट, कचऱ्याचा डबासुद्धा. झोप नाही, पोटात काही नाही. अकराला स्वान्सीहून गेथिनची थोरली बहीण नेरिस आली, लिंबाचा केक आणि सल्ले घेऊन. फेब्रुवारीत हीच आईच्या बाजूने उभी होती आणि 'घरातलं घरात' म्हणाली होती. मेन्नाने तेव्हा कानाला खडा लावला होता की नणंदेकडून काही अपेक्षा करायची नाही.

दुपारी गेथिन टँकर लावून आला. स्वयंपाकघरात चौघं बसली. मॅमगी केकवर साखर भुरभुरत होत्या, कुणाकडे न बघता.

"मॅम, वही कुठंय?" गेथिनने बूट काढता काढता आईला विचारलं.

"मला काय ठाऊक कुणाच्या वह्या."

"तू सोडून खाली कोण असतं दिवसभर?"

"म्हणजे मी चोर! माझ्याच घरात!" 

"कुणी चोर म्हटलं नाही, मॅम," नेरिस मध्ये पडली. "पण मेन्ना, मी खरं सांगू? या कचेरीवाल्यांना एकदा दार उघडलं ना, की ते आत बसतात. आज दोन रात्री देतील, उद्या विचारतील पोरगी शाळा का बुडवते. मग निघतील तुमच्यावरच कागद."

"शाळेने आधीच विचारलंय," मेन्ना म्हणाली. "या वर्षात तेवीस दिवस गैरहजर. गणिताच्या तासाला झोपते. धावायच्या स्पर्धेतून नाव काढलं तिने, स्वतः जाऊन."

"मग मी नेते तिला सुट्टीत माझ्याकडे. आठवडाभर. मजा करू."

"आणि ओसियनला?"

नेरिसने केकचा एक कण बोटाने टिपला. 

"ओसियनला न्याल का, नेरिस? एक रात्र? मी औषध लिहून देते, नळी कशी लावायची ते शिकवते. माझा राग नाही, खरंच विचारतेय."

"मला... मला भीती वाटते गं," नेरिस म्हणाली. एवढ्या वर्षांत ती मेन्नाशी पहिल्यांदाच खरं बोलली. "त्याला काही झालं आणि मला कळलंच नाही तर?"

"तुम्ही पन्नाशीच्या आहात," मेन्ना म्हणाली. "ती तेराची आहे. तिला हीच भीती रोज रात्री असते."

 गेथिनने तोंडावरून हात फिरवला. आई आणि बायको यांच्यामध्ये कुंपणावर बसायची त्याची जुनी खोड होती आणि कुंपण आता टोचायला लागलं होतं. "मॅम," तो म्हणाला, "आज बाई आली की बोलायचं मेन्नाने. तू चहा दे आणि बस."

मॅमगींनी साखरेचा डबा बंद केला. "बसते हो. माझ्या बसण्यावर अजून बंदी नाही ना?"

बरोबर अडीचला दार वाजलं. मेन्ना मागून धावली, पण मॅमगी गुडघ्यांसकट आधी पोचल्या होत्या. दारात तिशीतली एक बाई, पाठीवर पिशवी, पायात चिखलाचे बूट. मिस हॉपकिन. मॅमगींनी तिचा कोट काढून घेतला आणि ती काही बोलायच्या आत तिला पुढच्या खोलीत बसवलंसुद्धा.

"हॉपकिन? बेकरीवाल्या हॉपकिनची नात का तुम्ही?"

"नाही हो. बसवाल्या हॉपकिनची. वरच्या गावातल्या."

"अगंबाई, विल बस! तुमचे आजोबा आमच्या चॅपलमध्ये खालच्या पट्टीत गायचे. मग तर घरच्याच तुम्ही. घ्या, केक घ्या."

गुलाबी किनारीचे कप भरले. झालं, मेन्नाच्या मनात आलं, फेब्रुवारीच पुन्हा. तिने तोंड उघडलं की मॅमगी दुधाचं विचारत. गेथिन बुटांकडे बघत होता. नेरिस खिडकीपाशी उभी. हार्मोनियमवर चौकटीतला तो जुना फोटो, पायरीवर बसलेला सात-आठ वर्षांचा मुलगा, मान एका बाजूला कललेली. मॅमगींचा धाकटा भाऊ एमरिस. लहानपणीच शहरापलीकडच्या टेकडीवरच्या मोठ्या इस्पितळात गेला आणि तिथेच वारला, इतकं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढे कुणी विचारत नसे.

"ओसियन कुठंय?" मिस हॉपकिनने विचारलं.

"झोपलाय लेकरू. उठला की दाखवते ना."

"झोपलेला नाही," मेन्ना म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मागे आहे. आणि आम्हाला तिथेच बसायला हवं होतं."

तेवढ्यात टेगन शाळेतून आली. दप्तर मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकाला टेकली.

मिस हॉपकिनने कप खाली ठेवला. "टेगन, तुला एकटीशी बोलायला आवडेल का? बाकीचे बाहेर थांबतील."

"नको. इथेच."

"बरं. रात्री भावासाठी तू उठतेस?"

टेगनने आधी मॅमगींकडे बघितलं. "कधी कधी."

"म्हणजे आठवड्यातून किती?"

"ठरलेलं नाही."

"झोप पुरते?"

"हो."

"आणि मनगटाला काय झालंय?"

बाही खाली गेली. "खेळताना."

 वही नाही, आणि आता पोरही नाही. एवढ्या महिन्यांची धडपड, पत्रं, फोन, विनवण्या, आणि सगळं या गालिच्यावर सांडून चाललं होतं. टेगनने पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले, हनुवटी किंचित उचलली आणि म्हणाली, "काही अडचण नाही. आम्ही सांभाळतो."

तोच सूर. तीच हनुवटी, तेच हात. तेरा वर्षांच्या तोंडात त्र्याहत्तर वर्षांचं वाक्य. मेन्नाने सासूकडे पाहिलं. मॅमगी हातात कप धरून नातीच्या हातांकडे बघत होत्या.

"खोटं बोलतेय ती," मॅमगी म्हणाल्या.

मिस हॉपकिन त्यांच्याकडे वळली.

"मी शिकवलंय तिला. काल रात्री सांगितलं, खरं सांगितलंस तर ओसियनला नेतील आणि परत देणार नाहीत." त्यांनी कप टेबलावर ठेवला, चहा रुमालावर सांडला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "तुम्ही विल बसची नात. तुमच्या आजोबांना विचारलं असतंत तर त्यांनी सांगितलं असतं. त्यांच्याच बसने नेलं त्याला."

"कुणाला, मॅमगी?" टेगनने विचारलं.

"एमरिसला. एकसष्ट साली. मी अकराची, तो आठचा. आई अंथरुणाला खिळलेली, बाबा खाणीत. हिरव्या टोपीची बाई आली होती. आई म्हणाली, आम्ही सांभाळतो. बाईला पटलं नाही. जाताना पायरीवर मला गाठलं. म्हणाली, तू शाळेत जातेस का गं? मी म्हटलं, नाही, एमरिसला मीच बघते, आई उठत नाही, माझी पाठ दुखते." मॅमगींनी फोटोकडे पाहिलं. "खरं बोललीस, शहाणी आहेस, म्हणाली. एक टॉफी दिली मला. मी खाल्ली ती."

नेरिस खिडकीपासून दोन पावलं पुढे आली. "मॅम..."

"दोन आठवड्यांचा विसावा म्हणाले होते. हाच शब्द. आईने कागदावर सही केली. मी त्याचा भांग पाडून दिला. दोन आठवडे झाले, महिना झाला. नेण्याचा कागद होता, आणण्याचा कागद काही कुणी घेऊन आलं नाही. एकतीस वर्षं राहिला तिथे. मी भेटायला जायचे, तर शेवटी शेवटी मला ओळखायचा नाही. आणि तुम्ही सगळी मला विचारता, मी वही का लपवली!"

"तू कधी बोलली नाहीस," गेथिन म्हणाला. 

"काय बोलू? माझ्याच तोंडाने गेला तो."

मेन्नाचा तीन महिन्यांचा राग होता. पाळून, पोसून मोठा केलेला. आणि आता तो ठेवायला जागाच उरली नाही. ती उठून सासूच्या खुर्चीपाशी बसली आणि तिने त्यांचा ओला, साखरेने चिकट झालेला हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला, पण रागाने नव्हे. त्यांना उठायचं होतं. हार्मोनियमपुढच्या स्टुलाचं झाकण त्यांनी उचललं, भजनांची पुस्तकं बाजूला सारली आणि तळातून निळी वही काढली.

"ही घ्या. पोरीचं अक्षर चांगलं आहे, वाचता येईल." वही त्यांनी मिस हॉपकिनच्या हातात ठेवली. "आणि ते मनगट लोकरीने कापलंय. लोकर माझी. मीच दिली. मला वाटलं, बरं आहे, पोरगी हुशार आहे. देवा, काय वाटलं मला! चला आता मागे. इथे काय बघणार तुम्ही? इथे कुणी राहत नाही."

मागच्या खोलीत मिस हॉपकिन दीड तास बसली. ओसियनला बरोबर पावणेचारला फिट आली आणि टेगनने गालात औषध कसं सोडलं, घड्याळ कसं धरलं, ते तिने उभ्या उभ्या बघितलं. निघताना बूट चढवत म्हणाली, "माझ्या एकटीच्या हातात नाही, समिती ठरवते. पण मी काय बघितलं ते लिहीन."

"दोन रात्री म्हणजे किती?" मॅमगींनी विचारलं.

"शुक्रवारी चारला न्यायचं, रविवारी चारला आणायचं."

"लिहून द्या."

मिस हॉपकिनने वाद घातला नाही. पिशवीतून कागद काढला, लिहिलं आणि खाली सही केली. मंजूर झालं तर, असंही लिहिलं. मॅमगींनी तो कागद घडी घालून चॅपलला जायच्या पर्समध्ये ठेवला.

समितीने पाच आठवडे घेतले. त्या पाच आठवड्यांत टपालवाल्याने त्या दारावर जेवढी नजर झेलली तेवढी उभ्या नोकरीत झेलली नसेल. नेरिस मात्र दर शनिवारी यायला लागली. नळी लावायला शिकली, पहिल्या वेळी रडली, दुसऱ्या वेळी नाही. पत्र आलं ते जूनमध्ये. सहा महिन्यांसाठी, महिन्यातून दोन रात्री, पुढे पुन्हा तपासणी.

पहिल्या शुक्रवारी टी ग्वेनोलची गाडी आली तेव्हा मॅमगी बाहेर आल्या नाहीत. आतून फक्त म्हणाल्या, "त्याचा भांग पाडू नका कुणी." टेगनने पाडला नाही. खुर्ची गाडीत चढली, दार लागलं, आणि ती गल्लीच्या टोकापर्यंत गाडीमागे चालत गेली.

शनिवारी वरच्या आपल्या खोलीत झोपलेली टेगन उठलीच नाही. नऊ वाजले, अकरा वाजले, एक वाजला. मेन्ना चारदा जिना चढून तिचा श्वास बघून आली. पोरगी पालथी, तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर. मनगटाला काही नव्हतं. मेन्ना दारातच बसली आणि तिला रडू फुटलं, सुखाचं का भीतीचं ते तिचं तिलाही कळेना. घर इतकं शांत होतं की गेथिन कुजबुजत बोलत होता.

रविवारी मॅमगी चॅपलचा कोट आणि टोपी घालून तीनलाच पायरीवर उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

चार वाजले. गल्लीत कुणी नाही.

चार पाच. चार दहा. टेगन कुंपणाच्या दाराशी गेली, परत आली. "फोन करू?" गेथिनने केला. वाजत राहिला.

"रस्त्यात गर्दी असेल," नेरिस म्हणाली. "रविवारी सगळं जग समुद्रावर जातं."

मॅमगींनी पर्स उघडली, कागद काढला, वाचला, परत ठेवला. चार वीसला त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मेन्ना जवळ जाऊन उभी राहिली. तिला म्हणायचं होतं की येईल, नक्की येईल, आता तसे दिवस नाहीत. पण सगळे कागद पुरे करून, सगळ्यांशी भांडून तिनेच तर पाठवलं होतं त्याला. नाही आला तर?

चार पंचवीसला गाडी कोपऱ्यावर वळली. टेगन धावत सुटली, मार्चनंतर पहिल्यांदा कुणी तिला धावताना पाहिलं. ड्रायव्हर खाली उतरता उतरताच माफी मागायला लागला, वरच्या रस्त्यावर मेंढ्यांचा कळप आडवा आला होता, फोन मागच्या पिशवीत होता. दार उघडलं. ओसियन आत होता, नाक उन्हाने लाल, केस विस्कटलेले. बहिणीचा आवाज आला आणि त्याचे डोळे वळले.

"सुखरूप पोचला म्हणून इथे सही लागेल," ड्रायव्हरने कागदाची फळी पुढे केली. "आई किंवा वडील, कुणीही."

मेन्नाने पेनाला हात घातला. पण तिच्या बाजूने एक हातमोज्यातला हात आधीच पुढे आला होता. मॅमगींनी मोजा काढला, चष्मा लावला आणि कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. टाइप केलेल्या ओळीत लिहिलं होतं, घरी परत, वेळ चार.

"हे खोडा," त्या म्हणाल्या. "चार पंचवीस लिहा."

ड्रायव्हरने खोडलं आणि लिहिलं. मग त्यांनी पेन घेतलं आणि सावकाश, शाळेत गिरवतात तसं, सबंध नाव लिहिलं. एल्युनेद मॅरी प्रिचर्ड, आजी. 

"पुढच्या महिन्यात," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "चार म्हणजे चार."